एकोणीस नंबरातले नऊ ब्रश

रॅम्सडेनांच्या जिलियनचं तिसरं लग्न झालं, त्याच वसंतात हॉकर्सलीच्या नगरपालिकेने घर भाड्याने देणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. तिच्या बापाला, क्लिफर्डला, दोन्ही गोष्टी सारख्याच नापसंत होत्या. फरक एवढाच की लग्नाबद्दल त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि परवान्याबद्दल अकरा पानं भरून विचारलं.

क्लिफर्डकडे भाड्याने द्यायला घर होतं एकच. ॲल्मा स्ट्रीटवरच्या ओळीतलं एकोणीस नंबरचं, खाली दोन खोल्या, वर दोन. ते त्याच्या मावशीचं. जाताना मावशीने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "घर तुला, क्लिफ. पण एजंटाच्या हाती देऊ नकोस. माझ्या दाराला त्यांची पाटी लागली तर मी वरून बघेन." क्लिफर्डने शब्द दिला होता, आणि मावशी वरून बघते याबद्दल त्याला काडीची शंका नव्हती. शंका त्याला बाकी सगळ्यांबद्दल होती.

तो त्याच्या धंद्याचा गुण होता. एकतीस वर्षं त्याने बसमध्ये तिकिटं तपासली होती. "विनातिकीट माणूस मला मानेवरून कळतो," असं तो सांगायचा. "चेहरा खोटं बोलतो, मान बोलत नाही." निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी चॅपलमध्ये तो मागच्या बाकावर बसायचा, कारण तिथून माना दिसत.

फॉर्मच्या सातव्या पानावर मात्र तो अडला. तिथे लिहिलं होतं, की परवाना मागणारा घरमालक ही 'योग्य आणि लायक व्यक्ती' आहे, अशी नगरपालिकेची खात्री पटली पाहिजे. नाही पटली, तर घराचा कारभार दुसऱ्या लायक माणसाकडे द्यावा लागेल, उदाहरणार्थ, एजंटाकडे.

"लायक? मी?" क्लिफर्डने पेन खाली ठेवलं. "एकतीस वर्षं मी या गावाची लायकी तपासली."

"माझी सही नाही ना लागत त्याच्यावर?" त्याची बायको बेरिल बटाटे सोलता सोलता म्हणाली.

"का?"

"नाही, लग्नाला पन्नासच वर्षं झाली. इतक्या लवकर मी काही सांगू शकणार नाही."

आठव्या पानावर विचारलं होतं, घरात किती माणसं राहतात, आणि किती कुटुंबांतली. क्लिफर्डने लिहिलं, माणूस एक, कुटुंब एक. मॉरीन टॅटरसल अकरा वर्षं तिथे राहत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, नवरा वारलेला, भाडं महिन्याच्या पहिल्या तारखेला. तिच्या मानेबद्दल क्लिफर्डची कधी तक्रार नव्हती. त्याने सही केली आणि फॉर्म टाकून आला.

पुढच्या मंगळवारी बाजारात मांस भरलेल्या मीट-पायच्या दुकानासमोर रांगेत उभा असताना कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. नायजेल पिकप होता तो. घरं भाड्याने लावून देणारा एजंट. टोकदार बूट, आणि दात असे की दुकानाच्या पाटीसारखे लांबून वाचता यावेत.

"फॉर्म भरलास म्हणे, क्लिफ. माणूस एक?"

"एकच."

"मग एक माणूस सहा बाटल्या दूध पितो?"

क्लिफर्डने वळून पाहिलं.

"आमची कामाची मुलगी रोज ॲल्मा स्ट्रीटवरून येते," नायजेल आवाज उतरवून म्हणाला. "दर मंगळवारी एकोणीस नंबरच्या पायरीवर सहा बाटल्या. मी कशाला बोलू? पण पाच माणसं झाली आणि ती एका कुटुंबातली नसली, तर परवानाच वेगळा लागतो. तू तर एक लिहून सही केलीस. खोटी माहिती म्हणतात तिला. लायक माणूस राहत नाहीस तू मग." त्याने खिशातून कार्ड काढून क्लिफर्डच्या कोटात सरकवलं. "वेळ आलीच तर मी आहे."

क्लिफर्ड मीट-पाय न घेताच घरी आला, आणि बेरिलने ओळखलं की काहीतरी भयंकर झालंय.

"दूध," तो म्हणाला.

"आहे घरात."

"आपल्या नाही. मॉरीनच्या."

बेरिलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाऊन विचार ना तिला."

"विचारून कुणी खरं सांगतं? एकतीस वर्षांत एकाने तरी सांगितलं का, की हो साहेब, मी विनातिकीट आहे? बघावं लागतं, बेरिल. पुरावा गोळा करावा लागतो."

दुसऱ्या दिवसापासून क्लिफर्ड ॲल्मा स्ट्रीटसमोरच्या बसथांब्यावर वर्तमानपत्र घेऊन बसू लागला. दिवसभरातल्या सहाच्या सहा बस त्याच्यासाठी थांबायच्या, दार उघडायच्या आणि त्याच्याकडे बघून दार लावायच्या. बुधवारी त्याने मागच्या गल्लीतून मॉरीनच्या दोरीवर नऊ पांढरे शर्ट मोजले. एकाच्या कॉलरमध्ये हडकुळा मावला असता, दुसऱ्याच्या कॉलरमध्ये खाटीक. गुरुवारी दुपारी दोन पुरुष आले, हातात काळ्या पेट्या. आत गेले, आणि अर्ध्या तासाने मोकळ्या हातांनी बाहेर आले. शुक्रवारी तीन. त्यातल्या एकाची पेटी एवढी, की तिच्यात एखादा लहानसर माणूस मुटकुळं करून बसला असता. तोही मोकळ्या हातांनी बाहेर पडला.

"सामान आणून टाकतायत," क्लिफर्डने बेरिलला सांगितलं. "राहायला येतायत एकेक करून."

"आणि मग बाहेर का पडतात?"

"कामाला जात असतील. पाळ्या असतील त्यांच्या."

त्याच संध्याकाळी त्याला मॉरीन लोणी घ्यायला जाताना भेटली. "कसं काय, मिसेस टॅटरसल? घरात सगळं ठीक?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

मॉरीनची मान लालभडक झाली. "ठीक आहे, मिस्टर रॅम्सडेन. एकदम ठीक. तुम्ही यायची काही गरज नाही." आणि ती लोणी न घेताच परत फिरली.

आता मात्र क्लिफर्डच्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना.

परवान्याच्या अटींमध्ये एक अट स्पष्ट होती, की भाडेकरूला चोवीस तास आधी लेखी कळवल्याशिवाय मालकाने घरात पाऊल टाकायचं नाही. क्लिफर्डने ती अट दोनदा वाचली आणि ठरवलं, की अट परवान्याची आहे आणि परवाना अजून आलेला नाही. सोमवारी सकाळी, मॉरीन शाळेत असताना, त्याने आपल्याकडची किल्ली घेतली आणि एकोणीस नंबरात शिरला.

जिन्याखाली काळे बूट. ओळीने मांडलेले, चकचकीत, नऊ जोड. क्लिफर्डने ते दोनदा मोजले. तो कठड्याला धरून वर गेला. मागच्या खोलीला कुलूप. मावशीच्या हयातीत त्या खोलीला कधी कुलूप लागलं नव्हतं. न्हाणीघरात शिरला तर फळीवर जॅमच्या बरणीत दात घासायचे ब्रश. क्लिफर्डने नीट बघायला चष्मा काढून बाजूला ठेवला, कारण जवळचं त्याला चष्म्याशिवायच दिसायचं, आणि एकेक मोजला. नऊ. केस असे पिंजारलेले, की वापरणाऱ्यांना दात नसून खडक असावेत.

इतक्यात खाली दारात धप्प आवाज झाला. क्लिफर्ड मागच्या दाराने पळाला. आवाज टपालाचा होता हे त्याला गल्लीच्या टोकाशी गेल्यावर सुचलं. चष्मा आपल्या नाकावर नाही हे त्याला घरी आल्यावर सुचलं. आणि तो कुठे राहिला हे त्याला सुचलंच नाही.

"थांब्यावर विसरला असशील," बेरिल म्हणाली.

"नायजेलने उचलला असणार. मला काही दिसू नये म्हणून."

नवा चष्मा यायला दोन आठवडे होते. तोवर क्लिफर्डने बेरिलचा जुना चष्मा लावला. गुलाबी काड्यांचा, कोपऱ्यांना खडे बसवलेला.

बुधवारी नगरपालिकेचं पत्र आलं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता घर क्रमांक एकोणीसची पाहणी होईल. तक्रार आली आहे. मालकाने हजर राहावं.

क्लिफर्डने पत्र खाली ठेवलं. "संपलं. नायजेलने तक्रार केली. नऊ माणसं सापडणार, माझी सही खोटी ठरणार, आणि मावशीच्या दाराला त्याची पाटी लागणार."

"अजूनही मॉरीनला विचारता येईल," बेरिल म्हणाली. पण क्लिफर्ड नियमांचं पुस्तक उघडून बसला होता.

गुलाबी चष्मा कपाळावर सरकवून वाचताना त्याला तेराव्या पानावर वाट दिसली. नवरा-बायको, मुलं, नातवंडं, भावंडं, काका-मामा, आत्या-मावश्या, भाचे-पुतणे, चुलत, मावस, सावत्र, हे सगळे मिळून एकच कुटुंब धरलं जाईल. म्हणजे नवांतले बाकीचे आठही जण मॉरीनचे नातेवाईक असले, तर कुटुंब एकच. वेगळ्या परवान्याची भानगडच नाही. एवढंच म्हणायचं, की फॉर्म भरल्यानंतर पाहुणे राहायला आले.

गुरुवारभर तो पाकिटाच्या मागे मॉरीनची वंशावळ लिहीत होता.

"तिच्या काकाला तू काय नाव दिलंस?" बेरिलने डोकावून विचारलं.

"हर्बर्ट."

"तिला काका नाही रे."

"आता आहे."

शुक्रवारी दहाला पाहणीची बाई आली. मिस अख्तर. तिशीतली, डोक्याला निळा स्कार्फ, पायांत चालायचे भक्कम बूट, बोलणं अस्सल हॉकर्सलीचं. तिने आधी जिन्यातल्या धुराच्या घंटा दाबून पाहिल्या, गॅसचा दाखला पाहिला, खिडक्या उघडतात का ते पाहिलं. मॉरीन स्वयंपाकघराच्या दारात ॲप्रनचं टोक पिळत उभी. ती क्लिफर्डकडे बघेना, क्लिफर्ड तिच्याकडे बघेना. बेरिल खुर्ची घेऊन बसली होती. तिला यातलं काही चुकवायचं नव्हतं.

"बरं," मिस अख्तरने वही उघडली. "इथे राहतं कोण कोण?"

मॉरीनने तोंड उघडलं, पण क्लिफर्ड आधी बोलला.

"नऊ जण."

मॉरीनचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"पण सगळे एकाच कुटुंबातले," क्लिफर्ड घाईने म्हणाला आणि पाकीट काढलं. "मिसेस टॅटरसल स्वतः. त्यांचा भाऊ रॉनल्ड. काका हर्बर्ट. हर्बर्टचे दोन मुलगे. एक भाचा. दोन मावसभाऊ. आणि एक सावत्र."

"सावत्र काय?"

क्लिफर्डने पाकीट डोळ्यांजवळ नेलं. "नुसता सावत्र."

"माझा भाऊ रॉनल्ड लहानपणीच वारला, मिस्टर रॅम्सडेन," मॉरीन हळूच म्हणाली. "मी तुम्हाला एकदा सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होता."

मिस अख्तरने लिहिणं थांबवलं. "मिस्टर रॅम्सडेन, तुमच्या फॉर्मवर एक माणूस आहे."

"फॉर्म भरला तेव्हा एकच होता. मग हे आले. राहायला. पण कुटुंब एकच, तेरावं पान बघा."

"तेरावं पान मीच लिहिलंय. कुटुंब एक असेल. पण वर खोल्या दोन, त्याही एवढ्याशा. या घरात कायद्याने तीन माणसं झोपू शकतात. तुम्ही म्हणता नऊ. याला दाटी म्हणतात, आणि ती जास्त वाईट."

दाटी होती चौदाव्या पानावर. ते पान क्लिफर्डने वाचलं नव्हतं.

"ते एकदम झोपत नाहीत," तो म्हणाला. "पाळीपाळीने."

"क्लिफ," बेरिल म्हणाली, "आता गप्प बस."

"काका हर्बर्ट तर रात्रपाळीला असतो."

"मिसेस टॅटरसल," मिस अख्तर वळली, "तुम्ही तक्रार करताना सांगितलंत, की तुम्ही एकट्या राहता."

"एकटीच राहते, बाई. हे कुणाबद्दल बोलतायत मला माहीत नाही."

तक्रार मॉरीनची. नायजेलची नव्हेच. मग क्लिफर्डला वाटलं, मॉरीन आपल्याला पुरतं बुडवायला निघाली आहे, आणि त्याच्यातला तिकीट तपासनीस उसळून उठला.

"एकटी? मग सहा बाटल्या दूध कोण पितं? जिन्याखाली बूट कुणाचे? आणि वरच्या बरणीत ब्रश किती आहेत ते सांगा. नऊ आहेत. मी स्वतः मोजलेत."

बेरिलने कपाळावर हात मारला. किटली सूं करू लागली.

"कधी मोजलेत?" मिस अख्तरने विचारलं.

क्लिफर्डने नाकावरचा गुलाबी चष्मा सरळ केला. मिस अख्तरने पिशवीतून एक पाकीट काढलं आणि त्यातून चष्मा काढून टेबलावर ठेवला. तपकिरी, एका काडीला पांढरी चिकटपट्टी.

"मिसेस टॅटरसल सोमवारी घरी आल्या तर हा न्हाणीघराच्या फळीवर. एकटी बाई. दोन रात्री त्या दाराला खुर्ची लावून झोपल्या. कुणाचा आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

गुलाबी चष्म्याआडून क्लिफर्डने आपल्या चष्म्याकडे पाहिलं.

"त्याचाच," बेरिल म्हणाली. "ती पट्टी मी लावलीय."

मिस अख्तर सावकाश खुर्चीत बसली. "आणि मिसेस टॅटरसल, तुम्ही मागच्या खोलीला कुलूप का लावलंय? आता सगळंच बघू."

मॉरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढली. सगळे वर गेले. दार उघडलं आणि क्लिफर्डने डोळ्यांवर हात घेतला, एवढं ऊन त्या खोलीत चमकलं. पलंगावर, जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर पितळी वाद्यं. काही उघडी, काही पेट्यांत. मधोमध खुर्चीवर एखाद्या पाहुण्यासारखं बसवलेलं मोठं युफोनियम.

"बँडच्या खोलीचं छत फेब्रुवारीत पडलं," मॉरीन म्हणाली. "माझा नवरा, लेन, बावीस वर्षं त्यांच्यात वाजवायचा. हे त्याचंच. त्यांचे शर्ट मीच धुते अजून, मिरवणुकीचे बूटही मीच चमकवते. व्हिटच्या सणाच्या शुक्रवारी बँडची मिरवणूक, आणि वाद्यं ठेवायला जागा नाही. नऊ जणांची इथे ठेवली, सरावाला नेतात आणि परत आणून टाकतात. दर मंगळवारी सगळे येतात, आम्ही बसून घासतो. बारीक जागी जुना ब्रश लागतो. चहा लागतो. माझा एकटीचा ब्रश वेगळ्या पेल्यात आहे, मिस्टर रॅम्सडेन. तुम्ही तो मोजला नाहीत."

"मग मला सांगितलं का नाहीत?" क्लिफर्डने विचारलं.

"करारातलं चौदावं कलम."

क्लिफर्डला ते कलम आठवलं. मॉरीनच्या आधीचा भाडेकरू अकॉर्डियन वाजवायचा. त्या रागात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, की या घरात कोणतंही वाद्य ठेवल्यास घर सोडावं लागेल.

"एक सूर काढू दिला नाही मी त्यांना," मॉरीन म्हणाली. "फेब्रुवारीपासून या घरात एक सूर नाही. फुंकून धूळ काढायची तर मागच्या गल्लीत जातात."

खाली आल्यावर मिस अख्तर बराच वेळ लिहीत होती. मग म्हणाली, "मिस्टर रॅम्सडेन, तुम्ही मला ओळखत नसाल. आठ नंबरची बस. मी शाळेत होते, तुम्ही मला चर्चच्या थांब्यावर पावसात उतरवलंत."

क्लिफर्डने मान खाली घातली. आता मागून बघणाऱ्याला त्याच्या मानेवर सगळं वाचता आलं असतं. नायजेलची पाटी, मावशीचा चेहरा, सगळं.

"बरोबर होतं तुमचं," ती म्हणाली. "नव्हतंच माझ्याकडे तिकीट. पण तेव्हा तुम्ही निदान विचारलं होतं. यांना विचारलंत का?"

"नाही."

"मी सांगत होते," बेरिल म्हणाली.

"नसलेली आठ माणसं कबूल करणारा मालक मला अजून भेटला नव्हता. त्यासाठी आमच्याकडे रकानाच नाही. पण न कळवता घरात शिरणं, त्यासाठी आहे. आता ते मिसेस टॅटरसलवर. त्यांनी तक्रार चालू ठेवली तर तुम्ही लायक ठरत नाही, आणि घर एजंटाकडे जाईल."

मॉरीनने किटली उतरवली, चार कप मांडले, चहा ओतला. क्लिफर्ड तिच्या हातांकडे बघत होता. मग तो उठला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला मनापासून काहीतरी विचारलं.

"मिसेस टॅटरसल, माफ कराल का?"

"चौदावं कलम खोडा आधी," मॉरीन म्हणाली. "मग साखर देते."

तिने करार पुढे केला. त्याने गुलाबी चष्मा उतरवून कलम खोडलं, सही केली आणि मग आपला चष्मा घातला. मॉरीनने तक्रारीवर रेघ मारली. जाता जाता मिस अख्तरने विचारलं, दुधाचं तुम्हाला कुणी सांगितलं, आणि क्लिफर्डने खिशातलं कार्ड तिला दिलं. पुढच्या आठवड्यात नायजेलच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत तिला सात माणसं सापडली. दूध तिथे कुणीच घेत नव्हतं.

परवाना ऑगस्टमध्ये आला. क्लिफर्डने तो बेरिलला मोठ्याने वाचून दाखवला. योग्य आणि लायक व्यक्ती असं छापलेलं होतं, खाली शिक्का होता. मग तो थांबला.

"काय झालं?"

"बाकीच्यांना पाच वर्षांचा देतात. मला बारा महिन्यांचा दिलाय."

"बारा महिने?" बेरिलने विचार केला. "मी तर एका आठवड्याचाही दिला नसता."

त्यानंतर दर ऑगस्टमध्ये क्लिफर्ड अकरा पानं नव्याने भरायचा, आणि दर ऑगस्टमध्ये त्याला बारा महिन्यांपुरतं लायक ठरवण्यात यायचं. बँडच्या खोलीचं छत पुढच्या वर्षी झालं, तरी लेनचं युफोनियम एकोणीस नंबरातच राहिलं. मंगळवारी दुपारी क्लिफर्ड तिथे जाऊन ते घासायचा, आदल्या दिवशी चिठ्ठी टाकून. मॉरीनने त्याला दहावा ब्रश आणून दिला होता.

क्लिफर्ड रॅम्सडेन वारला तो जिलियनच्या चौथ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, चहाच्या वेळी. त्याच्या चौथ्या परवान्याचे नऊ महिने शिल्लक होते.